मनोरा दिसला तरी पाणंद सोडू नका
(फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या पायी सहलीच्या ग्राहकांसाठी)

फिनिस्तेरच्या, म्हणजे ब्रिटनीच्या पश्चिम टोकाच्या सहलीचं आरक्षण झालं की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला येतो: "लांदिविज्यो ते सँ-तेगोनेक रस्त्याने जेमतेम सोळा किलोमीटर, त्याला दोन दिवस कशाला? आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात करतो." पुढे सहल सुरू झाली की दुपारी चारच्या सुमाराला फोन येतो, तोही ठरलेला: "चर्चचा मनोरा अगदी समोर दिसतोय, पण तिकडे जायला वाटच नाही." हे पत्रक या दोन गोष्टींसाठी छापलं आहे. निघण्याआधी एकदा वाचा, आणि घडी घालून नकाशाच्या पाकिटात ठेवा.

आधी फोनबद्दल, कारण तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

सह्याद्रीत हिंडणाऱ्याच्या पायाला एक सवय असते. गड दिसला की दिशा पक्की, मग मळलेली वाट सुटली तरी एखादी ढोरवाट धरून वर निघता येतं. ब्रिटनीत हीच सवय नडते. तिथले डोंगर ठेंगणे आहेत. आरे डोंगररांगेचं सर्वांत उंच ठिकाणही ४०० मीटरच्या आत आहे. त्यामुळे थोड्याशा चढावर उभं राहिलं की दोन-तीन गावांचे मनोरे एकदम दिसतात आणि सगळं जवळ वाटतं. पण मधला मुलूख मोकळा नाही. प्रत्येक शेताला दगडमातीचा बांध आहे, कुठे छातीएवढा, कुठे पुरुषभर उंच. बांधावर ओक आणि काटेरी झुडपांची दाट रांग, बाजूला पाण्याचा चर, आणि गुरं चरत असतील तर आतून विजेची तार. दोन बांधांच्या मधून जी खोल गेलेली, वरून झाडांनी झाकलेली वाट जाते, ती म्हणजे आपली पाणंदच. चालायचं ते तिच्यातून.

मनोरा पाहून एखाद्या शेतात शिरलात की काय होतं ते सांगतो. पहिलं शेत सोपं असतं, कारण फाटक उघडं मिळतं. पलीकडच्या टोकाला मात्र फाटक नसतं. शेताला येण्याजाण्याचं तोंड बहुधा एकच असतं, तेही ट्रॅक्टर जिथून येतो त्या बाजूला. मग बांधाच्या कडेकडेने फट शोधायची, काट्यांतून वर चढायचं, आणि वर गेल्यावर पुढे तसंच दुसरं शेत. जुलै-ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर गेलेला असतो, त्यात शिरल्यावर ज्याच्या भरवशावर निघालात तो मनोराही दिसेनासा होतो. वाटेतलं गिमिल्यो गाव ते सँ-तेगोनेक या टप्प्यात तर मध्ये पेंझे नदीचं खोरं आहे आणि पॅरिस-ब्रेस्त रेल्वेमार्गही आहे. नदीला हवा तिथे पूल नाही आणि रूळ ओलांडायला सक्त मनाई आहे. अशा 'जवळच्या' वाटेत तास-दीड तास सहज मोडतो, आणि शेवटी आल्या पावली परत फिरून तीच पाणंद धरावी लागते.

याची आणखी एक बाजू आहे, ती आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. या वाटांचे काही तुकडे खासगी जमिनीतून जातात, आणि ते शेतकऱ्याच्या संमतीने खुले असतात. पीक तुडवलं गेलं, फाटक उघडं राहून गुरं बाहेर पडली, की ती संमती जाते आणि वाट सगळ्यांसाठीच बंद होते. म्हणून आमच्या टिपणांत आम्ही एकही 'शॉर्टकट' देत नाही, कितीही विचारलंत तरी. फाटक जसं सापडेल तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

वाट ओळखायची ती रंगाच्या पट्ट्यांवरून. पांढऱ्याखाली लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची जीआर वाट. आपल्या मार्गाचा काही भाग जीआर ३८० वरून जातो. पिवळ्याखाली लाल म्हणजे त्या परिसराला वळसा घालणारी वाट, आणि नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी. पट्टे झाडाच्या खोडावर, विजेच्या खांबावर, दगडावर, कधी पाटीच्या मागच्या अंगाला असतात. फुलीचा अर्थ 'इकडे नाही'. लोक फुली पाहतात, पण रंग दिसला एवढ्यावर समाधान मानून पुढे जातात. फाट्यावर खूण दिसली नाही तर प्रत्येक फाट्याने शंभरेक पावलं जाऊन बघा, खूण बऱ्याचदा फाटा ओलांडल्यावर असते. आणि दहा मिनिटं चालूनही एकही पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या दिसलेल्या पट्ट्यापर्यंत मागे या. दहा मिनिटांची चूक दहा मिनिटांतच निस्तरते.

फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला 'चालत जायचा रस्ता' विचारू नका. तो तुम्हाला गाड्यांच्या रस्त्यावर आणून सोडतो. या रस्त्यांना कडेला चालायला जागा नसते आणि गाड्या वेगाने येतात. आम्ही दिलेला मार्ग मुक्कामाच्या वायफायवर आदल्या रात्रीच उतरवून घ्या, खोल पाणंदीत नेटवर्क जातं. कागदी नकाशा १:२५,००० चा आहे, म्हणजे त्यावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. त्यावर मार्ग आम्ही हाताने रंगवून देतो.

आता दोन दिवसांचं.

चालणं हे या सहलीचं निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं गावांच्या चर्चच्या आवारात आहे. १६व्या आणि १७व्या शतकांत इथली गावं अळशीच्या सुतापासून विणलेल्या कापडावर श्रीमंत झाली. माल मोर्ले बंदरातून परदेशी जाई, मुख्यतः इंग्लंडला, आणि आलेला पैसा शेजारच्या गावापेक्षा आपलं चर्च सरस करण्यात ओतला जाई. म्हणूनच इतकी भव्य आवारं एकमेकांपासून चार-आठ किलोमीटरांवर सापडतात. फ्रेंचमध्ये अशा आवाराला 'आंक्लो पारवासियाल' म्हणतात. आपल्या देवळाचा प्राकार असतो तसा भोवती ठेंगणा कोट, कमानीचं महाद्वार, पूर्वी पुरलेल्यांची हाडं काढून ठेवायची अस्थिशाला, दक्षिणेच्या ओसरीत बारा प्रेषितांचे पुतळे, आणि मधोमध दगडी क्रूसस्तंभ. त्याला 'काल्व्हेर' म्हणतात. त्याच्या चौथऱ्यावर ख्रिस्ताची सगळी कथा लहानलहान पुतळ्यांत उभी असते.

गिमिल्योच्या काल्व्हेरवर, १५८१ ते १५८८ मधल्या, सुमारे २०० आकृती आहेत. तो दहा मिनिटांत पाहून होत नाही. प्रसंग कथेच्या क्रमाने लावलेले नाहीत, म्हणून प्रदक्षिणा घालत गोष्ट जुळवायला गेलात तर गोंधळ होतो. त्यापेक्षा एकेक कोपरा घ्या. वरच्या थरात कातेल गोलेत शोधा: सैतान जिला नरकाच्या जबड्यात ओढताहेत ती तरुणी. आत लाकडी कोरीव मंडपाखाली बाप्तिस्म्याचं कुंड आहे, १६७५ चं. सँ-तेगोनेकचा काल्व्हेर १६१० चा. त्याच्या खालच्या कोनाड्यात गावाचा संत उभा आहे आणि शेजारी गाडीला जुंपलेला लांडगा. चर्चसाठी दगड वाहणारं जनावर लांडग्याने खाल्लं म्हणून संताने लांडग्यालाच जुंपलं, अशी तिथली कथा. कोनाडा लहान आहे, नजर वरच राहिली तर हमखास सुटतो. तिथल्या अस्थिशालेच्या तळघरात ख्रिस्ताच्या दफनाचा रंगवलेला लाकडी देखावा आहे, तिकडे उतरायला विसरू नका. या चर्चला १९९८ मध्ये मोठी आग लागली होती, आणि नंतर केलेलं जीर्णोद्धाराचं काम थांबून पाहण्यासारखं आहे.

दगडही बघा. काल्व्हेरचा गडद करडा दगड 'केर्सांतों', ब्रेस्तच्या खाडीकडचा. तो घडवायला सोपा आणि पाऊसवाऱ्याला चिवट, म्हणून चारशे वर्षांनीही पुतळ्यांच्या दाढ्या आणि चिलखतांच्या कड्या मोजता येतात. भिजला की जवळजवळ काळा होतो. पाऊस पडतोय म्हणून आवारातून पळ काढू नका, उघडीप झाल्यावर तिरपं ऊन पडलं की चेहरे एकदम उठून दिसतात.

आपल्या वाटेवरच्या लांपोल-गिमिल्यो गावाचा मनोरा दुरून बुटका दिसतो, कारण त्याचं टोक १८०९ मध्ये वीज पडून गेलं. 'हे ते चर्च नसेल' असं वाटून बरेच जण वाट बदलतात. तेच आहे. आत छताखाली आडवी रंगीत तुळई आहे आणि तिच्यावर क्रूसाचा देखावा. तीन दिवसांच्या सहलीत सिझँचं तीन कमानींचं महाद्वार आणि कोमानाचं संत अॅनाचं सोनेरी वेदीपट येतं. चार दिवस काढू शकलात तर ला रोश-मोरीसही जोडून देतो. तिथे अस्थिशालेच्या भिंतीवर आंकू, म्हणजे ब्रिटनीतल्या ब्रेतों लोकांचा यमदूत, "मी तुम्हा सर्वांना मारतो" असं बजावत उभा आहे.

प्रत्येक ठिकाणी तास-सव्वा तास धरा. पाणंदीतल्या चिखलात ताशी तीन किलोमीटरच्या वर वेग जात नाही. आता हिशेब करा. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, म्हणून लोक निवांत निघतात. पण आवार केव्हाही उघडं असलं तरी चर्चचं दार साधारण सहाला बंद होतं, लहान गावांत त्याआधीही. एका दिवसात तिन्ही गावं करणाऱ्याला सँ-तेगोनेक नेहमी बाहेरूनच दिसतं. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी लांपोल आणि गिमिल्यो ठेवतो आणि दुसरा अख्खा दिवस सँ-तेगोनेकला देतो. तुमची मोठी बॅग मधल्या मुक्कामी आम्हीच पोचवतो, पाठीवर फक्त दिवसाचं सामान. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. आत फ्लॅश नको, टोपी काढा. प्रवेशाला पैसे नाहीत, दानपेटी आहे. या इमारती राखायला खर्च येतो, एक-दोन युरो जरूर टाका.

जेवणाचं थोडक्यात. लहान गावात दुपारचं जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. बेकरीला आठवड्यात एक सुट्टी असते, बहुतेकदा सोमवारी, तेव्हा पाव आदल्या दिवशी घ्या. शाकाहारींनी 'गालेत' म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं मागवताना 'सां जांबों' असं स्पष्ट सांगावं, कारण 'कोम्प्लेत' प्रकारात अंडं आणि चीजबरोबर हॅम असतंच. तवा डुकराच्या चरबीने पुसायची जुनी पद्धत काही ठिकाणी आहे. कडक पाळणाऱ्यांनी 'सँदू' वापरता का ते विचारावं, बहुतेक जण लोणी वापरायला तयार होतात. स्मशानातल्या नळाचं पाणी 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तरच प्या.

बूट घोट्यापर्यंत आणि आधी पायात रुळलेले हवेत. धावायचे बूट पाणंदीत तासाभरात भिजतात. नेच्यांच्या झुडपांत गोचीड असतात, संध्याकाळी गुडघ्यामागे आणि मोजांच्या कडेला तपासा. काढायचा छोटा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो, तेल किंवा काडी लावू नका. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, त्या महिन्यांत आम्ही दिलेलं भगवं जाकीट अंगावर ठेवा. लांदिविज्योजवळ नौदलाचा विमानतळ आहे, डोक्यावरून लढाऊ विमानं कर्कश आवाज करत गेली तर दचकू नका.

तरीही चुकलातच तर आम्हाला जरूर फोन करा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त 'केर-काहीतरी अशी पाटी आहे' एवढं सांगून आम्हाला तुम्ही सापडत नाही. 'केर' म्हणजे वाडी, आणि प्रत्येक पंचक्रोशीत वरची वाडी-खालची वाडी असाव्यात तशी ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आमच्या टिपणांत प्रत्येक वळणाला आकडा दिला आहे. शेवटचा नक्की ओलांडलेला आकडा सांगा, फोनवरचे अक्षांश-रेखांश पाठवा, आणि आमचा फोन परत येईपर्यंत जागेवरून हलू नका. दुखापत झाली असेल तर आधी ११२, मग आम्ही.