कोयता निघण्याआधीचं वजन

दसरा झाला की बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांतून ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर भरायला लागतात. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर घेतलेली, म्हणून एकाला बरं नसलं तरी निघावंच लागतं. त्यातल्या कुणाची टीबीची औषधं श्रावणात सुरू झालेली असतात. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला. उरलेल्या गोळ्या घरच्या फळीवरच राहतात.

खरा धोका इथं आहे. जुलाबाचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी सुमारे २० तास लागतात. पहिले दोन महिने चार औषधं वाढत्या जंतूंचा फडशा पाडतात, म्हणून माणसाला बरं वाटतं. सुस्त पडलेले थोडे मात्र टिकून राहतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, कधी औषधांना दाद न देणारा होऊन. (लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या टाकणारेही असतात. तो टीबीच्याच एका औषधाचा, रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्यानं काही बिघडत नाही.)

१९५६मध्ये चेन्नईत एक मोठा अभ्यास सुरू झाला. तोवर टीबी म्हणजे सॅनेटोरियम (टीबीच्या रुग्णांना ठेवायचं आरोग्यधाम), विश्रांती, दूध-अंडी असंच समीकरण होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीच्या, अपुऱ्या जेवणाच्या घरात. औषधं दोघांना तीच. वर्षभरानं दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच सुधारले. टीबीचा उपचार जगभर घरी आला, त्यात या अभ्यासाचा वाटा फार मोठा. पण त्यातून एक सोयीचा अर्थही निघाला, की औषध असलं म्हणजे खाण्याचं तेवढं अडत नाही. मला तो नेहमीच अपुरा वाटत आलाय. रुग्ण बरा होतो का, हे तिथं तपासलं होतं. त्याच्याशेजारी अर्धपोटी झोपणाऱ्या लेकराला पुढं टीबी होतो का, हा प्रश्न वेगळा.

त्याचं उत्तर २०२३ साली झारखंडमधून आलं. २,८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा शिधा दिला. त्यांच्या घरच्या १०,३४५ माणसांपैकी एका गटाला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या; दुसऱ्या गटाचं जेवण नेहमीचंच राहिलं. शिधा मिळालेल्या घरांत नव्यानं होणारा टीबी ३९ टक्क्यांनी घटला. लस नाही, नवं औषध नाही, डाळ-तांदूळ! रुग्णांमध्येही ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या बाईसाठी हे ५ टक्के म्हणजे फक्त २ किलो.

आपल्याकडे तांदळाच्या जागी ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे चालतील. अवघड आहे ती कोपी, तोडणीच्या काळात राहायची झोपडी. उसाच्या पाचटाची, ताडपत्रीची, वाकून आत शिरायची. एका खोकल्याची हवा सगळ्या घरादारानं रात्रभर घ्यायची. पहाटे फडात, संध्याकाळी मोळ्या वाहून परत, मग चूल. एवढ्या कष्टात २ किलो वजन वाढवायचं कसं, याचा अभ्यास दवाखान्यात बसून होणार नाही, तो फडाच्या कडेलाच करावा लागेल.

सरकारकडून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. आणि निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आशाताईला गाठावं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का ते विचारावं, काट्यावर उभं राहून आजचं वजन कार्डावर लिहून घ्यावं आणि कोणत्या कारखान्याला चाललो ते सांगावं. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्याच क्रमांकावर पुढच्या गोळ्या मिळतात.