डीप स्लीप वेगळं, टार्गेट वेक टाइम वेगळा

‘वायफाय ६ची चिप घेतली, आता डीप स्लीपमध्येही कनेक्शन टिकेल ना?’ हा प्रश्न ऐकून ऐकून मी थकलोय. नाही टिकणार.

डीप स्लीप म्हणजे बॅटरी वाचवायला चिपचा बहुतेक भाग बंद ठेवणं. ईएसपी३२ ही वायफाय चिप अशी झोपली की १० मायक्रोअँपिअरच्या आसपास खाते आणि टायमर संपला की प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. पण वायफायचा रेडिओ बंद झालेला असतो आणि त्यासोबत राऊटरशी जोडणीही गेलेली असते. उठल्यावर राऊटर शोधा, ओळख पटवा, आयपी पत्ता मागा, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करा. या खटाटोपाला ३ सेकंद आणि सरासरी १०० मिलिअँपिअर धरा: एका उठण्याला ०.०८ मिलिअँपिअर-तास. तासभर झोपायला लागतात ०.०१. म्हणजे एकदा उठणं आठ तास झोपण्याएवढं महाग! दर मिनिटाला उठवलंत तर २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल अडीच आठवडेही पुरत नाही. डेटाशीटमधला (चिपच्या माहितीपत्रकातला) झोपेचा आकडा दाखवून ‘बॅटरी दोन वर्षं चालेल’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

टार्गेट वेक टाइम ही वायफाय ६मधली सोय. तिच्यात जोडणी तुटतच नाही. डिव्हाइस राऊटरशी वेळ ठरवून घेतं: ‘दर २ सेकंदांनी जागा होईन, तोवर माझे निरोप ठेव.’ एरवी राऊटरचा बीकन (‘मी इथं आहे’ सांगणारा छोटा संदेश) साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो आणि त्यातले ठरावीक बीकन ऐकायला उठावंच लागतं. इथं ते चुकवता येतात. मात्र जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्या मेमरीत जिवंत ठेवायच्या म्हणजे झोप हलकीच हवी, आणि हलकी झोप डीप स्लीपहून कितीतरी जास्त खाते.

म्हणून मी एवढंच विचारतो: तुमच्या डिव्हाइसला कोणी हाक मारणार आहे का? गच्चीवरच्या टाकीची पातळी तासातून एकदा कळवायची असेल तर डीप स्लीपच. तिथं वायफाय ६साठी जास्त पैसे घालू नका. दाराचं कुलूप फोनवरून उघडायचं असेल तर डीप स्लीपमधल्या चिपला हाक ऐकूच जाणार नाही. तिथं टार्गेट वेक टाइम हवा. आदेश फार तर २ सेकंद उशिरा पोचेल.

पण राऊटरनेही तो मान्य केला पाहिजे. खोक्यावर वायफाय ६ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, घरातल्या राऊटरवर करंट मोजा. आणि मोजताना डेव्हलपमेंट बोर्ड (प्रयोगासाठीचा, चिप बसवलेला तयार बोर्ड) नको: त्यावरचा पॉवरचा एलईडी एकटाच मिलिअँपिअरच्या घरात खातो, झोपलेल्या चिपच्या शंभरपट.