टीडीएस पन्नास, क्लोरीन शून्य

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या भागांत, गुइलेन-बॅरे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या चेतातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या चेतातंतूंवरच्या रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं चुकून आपल्याच चेतांवर तुटून पडतात आणि पायांतली ताकद जाते. पाण्यावर संशय गेला, तपासण्या सुरू झाल्या आणि महापालिकेने त्या भागातली पाणी गाळून विकणारी बरीच खासगी आरओ केंद्रं बंद केली.

तेव्हा अनेकांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आरओचं पाणी खराब कसं असेल? टीडीएस तर पन्नासच्या आत असतो!

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जिवाणू हा क्षार नव्हे. एका पेल्यात लाखो जिवाणू असले तरी मीटरचा आकडा जागचा हलत नाही. दारोदारी येणारे विक्रेते पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात आणि नळाचं पाणी तपकिरी झालेलं दाखवतात, ती तर निव्वळ दिशाभूल आहे. तो गाळ कांडीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तसंच तपकिरी होईल. या खेळाला घाबरून लोकांनी हजारो रुपये मोजलेले मी पाहिले आहेत आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आता आरओ यंत्राच्या आत काय होतं ते पाहू. त्यातला पातळ पडदा क्लोरीनने खराब होतो. म्हणून पडद्याच्या आधी सक्रिय कोळशाची गाळणी बसवतात आणि ती पाण्यातला क्लोरीन काढून टाकते. पडदा धड असेल तर जिवाणू अडतात, हे खरं. पण पलीकडे येणारं पाणी पूर्णपणे निराधार असतं. साठवण टाकी, तोटी, नीट न धुतलेला वीस लिटरचा जार, झाकण लावणारा हात, यांतल्या कुठूनही जिवाणू शिरला तर त्याला रोखायला पाण्यात काहीच नसतं.

नळाच्या पाण्यात मात्र असा पहारेकरी असतो आणि त्याचं रसायनशास्त्र मला फार आवडतं.

क्लोरीन किंवा टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्यातला काही भाग विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन बनतो. दोघांत फरक मोठा आहे. जिवाणूचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. हायपोक्लोराइटवरही ऋणभार असल्याने तो दूर ढकलला जातो. हायपोक्लोरस आम्लाचा रेणू भाररहित, त्यामुळे तो आवरणातून सहज आत शिरतो आणि जिवाणूची विकरं (एन्झाइम) निकामी करतो. पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा पीएच ७.५च्या आसपास असताना दोघांचं प्रमाण निम्मं-निम्मं असतं. पीएच ८.५ झाला की आम्ल जेमतेम दहा टक्के उरतं. म्हणजे तेवढीच पावडर टाकूनही जंतू मारण्याची ताकद बरीच घटते.

पुढची गोष्ट याहून सुंदर आहे. क्लोरीन आधी पाण्यातलं लोह, सेंद्रिय पदार्थ, अमोनिया यांच्यावर खर्च होतो. अमोनियाशी जुळून क्लोरामाइनं बनतात, ती जंतुनाशक म्हणून दुबळी. क्लोरीन वाढवत गेलं की क्लोरामाइनंही मोडतात आणि त्या वळणानंतर टाकलेला क्लोरीन मोकळा शिल्लक राहू लागतो. हा मोकळा क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असं भारतीय मानक सांगतं. तो शिल्लक असला की दोन गोष्टी कळतात: वाटेत फारशी घाण शिरलेली नाही आणि थोडी शिरलीच तर तिला तोंड द्यायला कोणीतरी हजर आहे. काल होता आणि आज शून्य झाला, तर कुठेतरी पाइप फुटून सांडपाणी आत आलं असावं. जिवाणूंची प्रयोगशाळेतली चाचणी यायला एक-दोन दिवस लागतात. शिल्लक क्लोरीन मिनिटात कळतो.

त्यासाठी ओटी टेस्ट असते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. रंग पहिल्या काही सेकंदांतच वाचायचा, कारण थांबलं तर क्लोरामाइनंही पिवळा रंग देतात आणि आकडा फसवा येतो. ते पाणी नंतर फेकून द्यायचं, प्यायचं नाही.

म्हणजे इथे महागडं यंत्र लागत नाही, माणूस लागतो. आपल्या ग्रामपंचायतींत हे काम जलसुरक्षकाकडे असतं. टीसीएलची निवळी टाकीत सोडणं, ओटी घेणं, नमुने प्रयोगशाळेत पाठवणं, हे सगळं तो करतो. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर हा त्याचा हिशोब. पावडर ताजी असेल तर त्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन मिळतो, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर. पोतं उघडं राहून दमट झालं की हाच हिशोब कोसळतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होऊन गावाला जोखमीनुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ही व्यवस्था साधी आहे आणि माझ्या मते मोलाची आहे.

पण तिच्या यादीत सार्वजनिक स्रोत असतात. सोसायटीची खासगी बोअर, टँकर भरणारी विहीर आणि नाक्यावरचं जारचं दुकान यांच्याकडे रोज नळी घेऊन कोण जाणार? नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, इमारती वाढत राहिल्या आणि नळाचं पाणी अपुरं पडलं तिथे जार आणि टँकर आले. लोकसंख्येबरोबर पाण्याचे खासगी स्रोत वाढतात, तसे ते तपासणारे हातही वाढायला हवेत. साथ आल्यावर पथकं नेमून दुकानांना टाळं लावणं सोपं असतं. टाळं उघडल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, एखाद्या साध्या मंगळवारी, तिथे ओटी घ्यायला कोण येतं, हे विचारायला हवं.

एका चाचणीला पाच मिनिटं धरली तरी एक प्रशिक्षित माणूस सकाळभरात वीस-पंचवीस ठिकाणं पाहू शकतो. दुकानदाराने शेवटच्या टाकीत मोजून क्लोरीन सोडायचा, रोजचा आकडा दर्शनी फलकावर लिहायचा आणि प्रभागाच्या कर्मचाऱ्याने न सांगता येऊन तो ताडून पाहायचा. असा फलक दिसेपर्यंत, घरी जार येत असेल तर ते पाणी खळखळून उकळूनच प्या, मीटर कितीही कमी आकडा दाखवत असला तरी.