युरोपात डिजिटल सेवा विकताय? व्हॅटच्या नॉन-युनियन ओएसएस नोंदणीची माहिती

अ‍ॅप, गेम किंवा सॉफ्टवेअरची वर्गणी युरोपीय संघातल्या खासगी ग्राहकाला विकली, की व्हॅट त्याच्या देशाच्या दराने भरावा लागतो. जर्मनीत १९ टक्के, हंगेरीत २७. सत्तावीस देशांत वेगवेगळी नोंदणी करावी लागू नये म्हणून १ जुलै २०२१ पासून ‘वन स्टॉप शॉप’ची (ओएसएस) नॉन-युनियन, म्हणजे संघाबाहेरच्या विक्रेत्यांसाठीची, योजना आहे.

कोण पात्र? ज्याचे संघात मुख्य कार्यालय नाही आणि कायमस्वरूपी आस्थापनाही (माणसे आणि साधने असलेली कायमची जागा) नाही, असा विक्रेता. इथे सर्वाधिक गफलत होते ती १०,००० युरोच्या मर्यादेची. ती संघातल्या विक्रेत्यांसाठी आहे; बाहेरच्याला पहिल्या विक्रीपासून व्हॅट लागू होतो. विक्री अ‍ॅप स्टोअरमार्फत होत असेल, तर बहुधा स्टोअरच व्हॅट भरते. ती रक्कम आपल्या विवरणपत्रात पुन्हा दाखवू नका.

अर्ज कोणत्याही एका सदस्य देशाच्या कर खात्याच्या पोर्टलवर करायचा. नाव, पत्ता, ईमेल, वेबसाइट, आपल्या देशातला कर क्रमांक, बँक तपशील आणि संघात आस्थापना नसल्याचे निवेदन द्यावे लागते. मग ‘ईयू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नोंदणी पुढच्या तिमाहीपासून लागू होते. त्याआधीच विक्री झाली असेल, तर पहिल्या विक्रीच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत त्या कर खात्याला कळवा.

ग्राहक कुठला, याचा पुरावा हा खरा जिकिरीचा भाग. एकमेकांशी जुळणारे दोन पुरावे लागतात: बिलाचा पत्ता, आयपी पत्ता, बँकेचा देश, सिमकार्डाचा देश. समजा, आयपी फ्रान्सचा, पण पत्ता आणि कार्डाची बँक जर्मनीची. तर दर जर्मनीचा. पैसे घेतानाच हे नोंदवून ठेवा, कारण महिन्यांनी आयपी शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. नोंदी १० वर्षे जपायच्या.

विवरणपत्र तिमाही संपल्यानंतरच्या महिनाअखेरपर्यंत, युरोमध्ये. विनिमय दर तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा, युरोपीय मध्यवर्ती बँकेचा. शेवटची तारीख रविवारी आली तरी मुदत वाढत नाही आणि विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. पैसेही त्याच मुदतीत जमा व्हायला हवेत. भरणा करताना विवरणपत्राचा संदर्भ क्रमांक अचूक टाका, नाहीतर रक्कम जमा होऊनही थकबाकीची सूचना येते. चूक सापडली तर जुने विवरणपत्र उघडू नका. तीन वर्षांपर्यंतची दुरुस्ती पुढच्या विवरणपत्रात दाखवता येते.