हाउससिटिंग आणि वर्कअवे: राहणं दोन्हीकडे फुकट, पण व्यवहार वेगळा

चार-सहा महिने परदेशात फिरायचंय आणि बजेट कमी आहे म्हटलं की हाउससिटिंग आणि वर्कअवे ही दोन नावं लोक एका दमात सांगतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्हीकडे राहायचे पैसे लागत नाहीत आणि दोन्हीकडे वेबसाइटची वार्षिक मेंबरशिप घ्यावी लागते, साम्य जवळजवळ तिथेच संपतं.

हाउससिटिंगमध्ये घरमालक घरी नसतो. ते लोक सुट्टीवर गेलेले, तुम्ही त्यांच्या घरात राहून कुत्रा-मांजर आणि झाडं सांभाळायची. ट्रस्टेड हाउससिटर्स ही 2010 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली साइट यातलं मोठं नाव, शिवाय नोमाडोर, माइंडमायहाउस वगैरे आहेत. वर्कअवेमध्ये मात्र यजमान तिथेच असतो, तुम्ही साधारण आठवड्याचे पाच दिवस, रोज पाचेक तास काम करायचं, बदल्यात खोली आणि बहुतेक ठिकाणी जेवण. हॉस्टेलचं रिसेप्शन, मुलांना सांभाळणं, भिंती रंगवणं, काहीही असतं. वूफ याच जातीचं पण फक्त सेंद्रिय शेतीवालं, 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालं, आणि त्यात बहुतेक देशांची मेंबरशिप वेगवेगळी घ्यावी लागते हे आधी बघून ठेवा.

म्हणजे एकीकडे तुम्ही जबाबदारी घेता आणि दुसरीकडे कामाचे तास देता. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण दिवस पूर्ण वेगळा जातो. सिटमध्ये, म्हणजे अशा घर सांभाळायच्या मुक्कामात, लॅपटॉपवर दिवसभर स्वतःचं काम करता येतं म्हणून रिमोट जॉबवाल्यांना ते सोयीचं, पण बरेच मालक सांगतात की कुत्र्याला चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवायचं नाही, मग दिवसभराची ट्रिप विसरा. मांजर म्हातारी आणि डायबेटिक असेल तर बऱ्याचदा दर बारा तासांनी इन्सुलिनचं इंजेक्शन तुम्हीच द्यायचं, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला घरी हजर. शिवाय कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, थंडीत हीटिंग किती ठेवायचं म्हणजे पाइप गोठणार नाहीत, सगळं हॅंडओव्हरच्या वेळी विचारून लिहून घ्या. आणि किराणा तुमचाच. लंडनमध्ये राहणं फुकट असलं तरी खाणं आणि ट्यूब (तिथली मेट्रो) मिळून चांगला खड्डा पडतो. बऱ्याचशा सिट गावाबाहेर असतात, बस कमी, पण इंग्लंडमध्ये भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते तो एक आधार.

हातात पगार नसेल, माणसांची सोबत हवी असेल तर मला वर्कअवे किंवा वूफच बरं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टस्कनीत ऑलिव्ह काढायला गेलात तर झाडाखाली जाळी पसरायची, फांद्या विंचरल्यासारख्या झोडपायच्या, क्रेट उचलायचे, संध्याकाळी खांदे भरून येतात पण सगळ्यांबरोबर टेबलावर गरम जेवण. शाकाहारी आहात हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. आणि यजमान आठ-आठ तास राबवत असेल तर तिथून सरळ निघा, संकोच करू नका, म्हणूनच दोन-तीन रात्रींच्या हॉस्टेलचे पैसे कायम बाजूला ठेवायचे.

आता व्हिसा, याबद्दल लोक फार कमी बोलतात आणि मला यातच सगळ्यात जास्त काळजी वाटते. पगार नाही म्हणजे काम नाही, असं इमिग्रेशनवाले मानतीलच असं नाही. वर्कअवे-वूफमध्ये हा धोका उघड दिसतो, पण हाउससिटिंगही सुटत नाही. 2022 मध्ये कॅनडात मांजर सांभाळायला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईला वाटेतल्या लॉस एंजेलिस विमानतळावरूनच परत पाठवलं, कारण आधी अमेरिकेत राहण्याच्या बदल्यात मांजरं सांभाळल्याचं तिने सांगितलं होतं. तिचा पासपोर्ट ऑस्ट्रेलियन होता, आपल्या पासपोर्टवर तर आणखी जपून राहायला हवं. विमानतळावर खोटं बोलायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, रिजेक्शनचा शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

वय 18 ते 30 असेल तर सरळ मार्ग आहेत. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स स्कीममध्ये भारतीयांसाठी वर्षाला 3000 जागा ठेवल्यात, लॉटरी लागली तर दोन वर्षं राहता आणि काम करता येतं. ऑस्ट्रेलियानेही 2024 मध्ये वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या 1000 जागा भारतीयांसाठी लॉटरीने उघडल्या. अर्जाआधी पदवी, बँक बॅलन्स वगैरे अटी नीट वाचा.

हाउससिटिंगच करायचं ठरवलंत तर इथूनच सुरुवात करा. पुण्यात-ठाण्यात ओळखीचं कोणी गावाला जाणार असेल तर त्यांचा कुत्रा आठवडाभर सांभाळा आणि दोन ओळींचं रेफरन्स लेटर मागून घ्या, जमलं तर पोलिस क्लिअरन्स काढून ठेवा. प्रोफाइलवर एकही रिव्ह्यू नसेल तर लंडन-पॅरिसच्या सिट मिळणं अवघड, खेडेगावातल्या, आयत्या वेळी निघालेल्या छोट्या सिटसाठी आधी अर्ज करा.