मॉरिस यांना किंग्ज कॉलेजातून का काढलं? एका वादाची पार्श्वभूमी

२७ ऑक्टोबर १८५३ रोजी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या नियामक मंडळाने एक ठराव केला. ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांची मतं धोकादायक वळणाची आहेत, पाळक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मनं त्यामुळे डळमळतील आणि मॉरिस यांनी शिकवत राहणं कॉलेजच्या हिताचं नाही, असा त्याचा आशय होता. मंडळाचे एक सदस्य विल्यम ग्लॅडस्टन यांनी सुचवलं, की आधी जाणकारांकडून या मतांची तपासणी करून घ्यावी. ती सूचना मान्य झाली नाही. १८४० पासून तिथे शिकवणाऱ्या मॉरिस यांची दोन्ही अध्यासनं गेली. ईश्वरविज्ञानाचं गेलंच, इंग्रजी साहित्य आणि इतिहासाचंही गेलं.

हा प्रसंग सहसा ‘नरकाविषयीचा वाद’ म्हणून सांगितला जातो. वाद नरकावरून झाला हे खरं. पण एवढंच सांगितलं तर मॉरिस हट्टी वाटतात आणि मंडळ जुनाट वाटतं, आणि दोघांचंही म्हणणं कळत नाही. त्यासाठी मॉरिस यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

मॉरिस यांचा जन्म १८०५ मध्ये सफकमधल्या लोस्टॉफ्टजवळ झाला. वडील मायकेल मॉरिस युनिटेरियन पंथाचे पाळक, म्हणजे देवाचं एकत्व मानणारे आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे मत) नाकारणारे. स्वभावाने उदार माणूस, सामाजिक सुधारणांचा कैवारी. पण घरातच एकेकाने त्यांची उपासना सोडली. थोरल्या मुलींपैकी एक इंग्लंडच्या चर्चमध्ये गेली, एक बॅप्टिस्ट झाली. पुढे आईनेही कॅल्विनपंथी मत, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलं आहे असं मानणारं मत, स्वीकारलं आणि ते नवऱ्याला पत्र लिहून कळवलं. देवाने तारणासाठी निवडलेल्यांत आपण नाहीच, या भयाने ती माउली वर्षानुवर्षं झुरत राहिली. लहान फ्रेडरिक हे सगळं पाहत होता. एका छताखाली एकमेकांवर जीव लावणारी माणसं एकत्र प्रार्थना करू शकत नाहीत, ही जखम त्याला आयुष्यभर पुरली. मला तर वाटतं, मॉरिस यांच्या विद्वत्तेचं बीज कोणत्याही ग्रंथालयापेक्षा या घरात जास्त सापडतं.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये विद्यापीठ आणि चर्च वेगळे नव्हते. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच इंग्लंडच्या चर्चची अधिकृत मतं सांगणाऱ्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजला शिकता येई, पण पदवीसाठी चर्चचे सदस्य असल्याची कबुली द्यावी लागे. मॉरिस १८२३ मध्ये केंब्रिजला गेले. ज्युलियस हेअर यांच्याकडे ग्रीक आणि प्लेटो शिकले, कायद्याचा अभ्यास केला, उत्तम यश मिळवलं आणि १८२७ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडले. स्वार्थासाठी कबुली देणं त्यांना पटेना. मग लंडनमध्ये पत्रकारिता झाली, दरम्यान विचार पालटत गेले. १८३१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८३४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

१८३५ मध्ये याच माणसाने त्या कलमांवरच्या सहीच्या बाजूने पुस्तिका लिहिली! शिक्षण कोणत्या पायावर दिलं जाईल, हे विद्यार्थ्याला आधीच प्रामाणिकपणे सांगणं म्हणजे ती सही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे हे मत त्यांनी सोडलं. पण विचारांची तऱ्हा इथे दिसते. एखादी जुनी गोष्ट मोडीत काढण्याआधी, ती कशासाठी उभी आहे हे ते शोधत. त्यामुळे ते कोणत्याच गटात बसले नाहीत. चर्चच्या प्राचीन परंपरेकडे वळू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीतल्या मंडळींशी काही काळ सूर जुळला. बाप्तिस्म्याविषयी या चळवळीतले एक नेते प्युसी यांनी लिहिलेल्या पत्रिका वाचल्या आणि तो सूर तुटला.

१८३६ पासून ते लंडनच्या गायज हॉस्पिटलचे चॅप्लेन, म्हणजे तिथले पाळक, होते. तिथे राहत असताना १८३८ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ ‘द किंग्डम ऑफ ख्राइस्ट’ प्रसिद्ध झाला. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका वाचकाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात तो सुरू होतो. त्यातलं मुख्य सूत्र असं: प्रत्येक पंथाने ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान केलं, ती गोष्ट सहसा खरी असते, चूक होते ती दुसऱ्याचं नाकारताना. क्वेकरांचा अंतःप्रकाश, कॅल्विनपंथीयांची देवाच्या सार्वभौमत्वावरची श्रद्धा, युनिटेरियनांचं देवाच्या पितृत्वाविषयीचं प्रेम, हे सगळं खरं. आणि हे सगळं एकत्र राहू शकेल असं घर, म्हणजे सर्वांचं चर्च, आधीच अस्तित्वात आहे. माणसाने ते बांधायचं नाही, ओळखायचं आहे. बाप्तिस्मा, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली विधानं), उपासनेची ठरलेली रूपं, प्रभुभोजन, सेवकपद आणि बायबल या त्या घराच्या सहा खुणा. आईवडील, बहिणी सगळे या मांडणीत आहेत, हे वेगळं सांगायला नको.

ग्रंथ वाचायला सोपा नाही. मॉरिस यांची वाक्यं लांब असतात, मधूनच वळतात, आणि ‘हो की नाही’ असं विचारणाऱ्याला ती हाती लागत नाहीत. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे, की आपल्या समकालीनांपैकी कोणाचीही बुद्धी मॉरिस यांच्याइतकी वाया गेली नाही. मिल यांचं हे मत मला अन्यायाचं वाटतं. पण ते शत्रूचं मत नव्हतं, आणि मॉरिस यांच्या धूसर शैलीची किंमत त्यांना १८५३ मध्ये मोजावी लागली हे मान्यच करावं लागेल.

१८४६ मध्ये किंग्ज कॉलेजने त्यांना ईश्वरविज्ञानाचंही अध्यासन दिलं. हे कॉलेज कशासाठी निघालं होतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. १८२६ मध्ये लंडनमध्ये धर्माची अट नसलेलं विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याला उत्तर म्हणून चर्चच्या पुढाकाराने १८२९ मध्ये किंग्ज कॉलेजची स्थापना झाली. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन तिच्या पाठीशी होते. त्यांनी कॅथलिकांना राजकीय हक्क द्यायचं ठरवल्यावर लॉर्ड विंचिल्सी यांनी या कॉलेजचाच विषय काढून त्यांच्या हेतूवर आरोप केला आणि प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत गेलं. अशा संस्थेला आपल्या प्राध्यापकांच्या शुद्ध मताविषयी धास्ती असणं स्वाभाविक होतं.

१८४६ मध्येच मॉरिस यांनी बॉइल व्याख्यानं, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या समर्थनासाठी चालणाऱ्या मालेतली व्याख्यानं, द्यायला सुरुवात केली. ती १८४७ मध्ये जगातल्या धर्मांवरचं पुस्तक म्हणून निघाली. इस्लाम, हिंदू धर्म आणि बौद्ध धर्म या प्रत्येकाचा गाभा कोणता, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरं अर्थातच ख्रिस्ती चौकटीतली आहेत, आणि आपल्याकडच्या वाचकाला त्यातलं बरंच खटकेल. तरीही परधर्म म्हणजे निव्वळ भ्रम, असं मानणाऱ्या काळात इंग्लंडच्या चर्चच्या व्यासपीठावरून हा प्रश्न विचारला गेला, याचं मोल मी कमी मानत नाही.

मग १८४८ आलं. फ्रान्समध्ये क्रांती झाली, लंडनमध्ये १० एप्रिलला केनिंग्टनच्या मैदानावर कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्टांची प्रचंड सभा भरली. त्या दिवसांत मॉरिस, कादंबरीकार पाळक चार्ल्स किंग्जली आणि वकील जॉन लडलो एकत्र आले. (लडलो यांचा जन्म मध्य हिंदुस्थानातल्या नीमचचा, शिक्षण पॅरिसचं.) त्यांनी ‘पॉलिटिक्स फॉर द पीपल’ हे अल्पायुषी साप्ताहिक काढलं आणि स्वतःला ख्रिस्ती समाजवादी म्हणवून घेतलं. शिंपी आणि इतर कारागिरांच्या सहकारी संस्था काढल्या. त्यातल्या बहुतेक बुडाल्या, पण त्यांच्या खटपटीमुळे १८५२ मध्ये सहकारी संस्थांना कायद्याचा आधार देणारा अधिनियम संमत झाला. मॉरिस स्वतः संघटक नव्हते. माझं काम बांधण्याचं नाही, खणण्याचं आहे, असं त्यांनी लडलोंना लिहिलं होतं. स्पर्धा हा निसर्गनियम आहे हे त्यांना देवाविषयीचं खोटं विधान वाटे, आणि म्हणून ते खोडून काढणं हे ईश्वरविज्ञानाचंच काम आहे असं ते मानत. वर्तमानपत्रांना आणि कॉलेजच्या मंडळाला मात्र ‘समाजवादी’ हा शब्दच पुरेसा होता. प्राचार्य जेल्फ यांनी १८५१ मध्येच विचारणा केली. चौकशी झाली, मॉरिस तेव्हा सुटले, संशय राहिला.

१८५३ मध्ये ‘थिऑलॉजिकल एसेज’ आलं. शेवटचा निबंध सार्वकालिक जीवन आणि सार्वकालिक मरण यांवर आहे. मॉरिस यांचा आधार योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय: देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. तसं असेल तर सार्वकालिक मरण म्हणजे त्या ओळखीवाचून असणं. त्याचं माप वर्षांत काढता येत नाही. कधीही न संपणाऱ्या काळाची शिक्षा ही कल्पना त्यांनी नाकारली. सगळे तरतील असं मात्र त्यांनी कुठेही म्हटलं नाही. माणसाची इच्छा देवाच्या प्रेमाला कुठवर अडवू शकते हे सांगण्याचं धाडस आपल्याला नाही, पण त्या प्रेमाची खोली मरणाच्या खोलीपेक्षा अधिक आहे, इतकंच त्यांचं म्हणणं. जेल्फ यांना हे अस्पष्ट आणि म्हणूनच घातक वाटलं: शिक्षेला अंत नाही ही भीती गेली तर नीतीचा आधारच जाईल. मॉरिस यांनी चर्चच्या इतिहासातला पुरावा पुढे केला. एकोणचाळीस कलमांच्या आधीच्या, १५५३ च्या बेचाळीस कलमांत, शेवटी सगळे तरतील या मताचा निषेध करणारं एक कलम होतं. १५६३ मध्ये ते वगळलं गेलं. जे चर्चने स्वतः सोडून दिलं ते मंडळ आपल्यावर का लादतं, हा त्यांचा सवाल रास्त होता.

आईची ती भीती माहीत असणाऱ्याला या निबंधाचा आवेश कळतो.

मॉरिस यांना आपल्या मुलाचा धर्मपिता करणाऱ्या कवी टेनिसन यांनी जानेवारी १८५४ मध्ये त्यांच्यावर कविता लिहून त्यांना वाइट बेटावरच्या घरी बोलावलं. लंडनच्या कामगारांनी मानपत्र दिलं. त्याच वर्षी वर्किंग मेन्स कॉलेज निघालं आणि मॉरिस त्याचे प्राचार्य झाले. तिथे कलासमीक्षक रस्किन आणि चित्रकार रोझेटी कामगारांना चित्रकला शिकवत. १८६४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अशा प्रकरणांतल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ठरवलं, की अंतहीन शिक्षेवर विश्वास ठेवणं पाळकाला कायद्याने बंधनकारक नाही. सुमारे ११ हजार पाळकांनी त्याविरुद्ध जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तेव्हा १८५३ चं मंडळ एकटं नव्हतं. १८६६ मध्ये मॉरिस केंब्रिजला नीतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परतले आणि १ एप्रिल १८७२ रोजी वारले. पुढे किंग्ज कॉलेजने त्यांच्याच नावाने नैतिक आणि सामाजिक ईश्वरविज्ञानाचं अध्यासन निर्माण केलं.

मराठी वाचकासाठी आणखी एक धागा आहे. १८४८ मध्ये मॉरिस यांच्या पुढाकाराने लंडनच्या हार्ली स्ट्रीटवर मुलींसाठी क्वीन्स कॉलेज सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक डोरोथिया बील. त्या तिथेच गणित शिकवू लागल्या आणि पुढे चेल्टनम लेडीज कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. १८८४ ते १८८६ या काळात पंडिता रमाबाई त्यांच्याकडे होत्या. शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांविषयी रमाबाईंचे प्रश्न संपले नव्हते, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी आपल्या विवेकावर हुकूम चालवावा हे त्यांना मान्य नव्हतं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे. बील यांनी मात्र पत्रांतून एकेका प्रश्नाला धीराने उत्तर दिलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये हा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आहे. मॉरिस यांच्या वादात रस वाटला असेल, तर पुढचं वाचन म्हणून ही पत्रं हाती घ्यावीत.