टाळू भरणारी आजी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली माजघराला लागून होती, आणि त्या खोलीतले बाळ दिवसाचा बराच वेळ आईखेरीज दुसऱ्याच कुणाच्या तरी हातांत असे. सकाळी आजी पाय पसरून बसे, त्याला मालिश करी आणि कोमट तेलाने टाळू भरी. मग धाकटी मावशी त्याला ओसरीवर घेऊन येई, आणि दुपारी समोरच्या घरातील गुजराती बा त्याला मांडीवर जोजवीत. टाळूला हात लावायची आम्हा मुलांना भीती वाटे. कवटीची हाडे तेथे अजून जुळलेली नसतात, कारण जन्माच्या वेळी माणसाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या एकतृतीयांशाहूनही लहान असतो आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला झपाट्याने वाढायचे असते. मानवी नात्यांचा उत्क्रांतीच्या अंगाने विचार करताना बहुतेक जण शिकारी पुरुषापासून सुरुवात करतात. मला वाटते, ती या मऊ टाळूपासून करावी.

उत्क्रांतिमानसशास्त्राचे मूळ गृहीत असे, की शरीराच्या अवयवांप्रमाणेच मनाच्या प्रवृत्तीही नैसर्गिक निवडीतून घडल्या. आपली प्रजाती सुमारे ३ लाख वर्षे जुनी आहे आणि शेती जेमतेम १२ हजार वर्षांची, त्यामुळे आपले मन मुख्यतः शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या लहान टोळ्यांत आकाराला आले असले पाहिजे. त्या टोळ्यांतला सर्वांत अवघड प्रश्न मुले जगवण्याचा होता. एक मूल जन्मापासून स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत वाढवायला सुमारे १ कोटी ३० लाख किलोकॅलरी लागतात, असा मानवशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चिंपांझीची मादी पिल्लू एकटीने वाढवते आणि तिच्या दोन पिल्लांत साधारण पाच-सहा वर्षांचे अंतर असते. शेती न करणाऱ्या मानवी समूहांत मात्र हे अंतर तीन-चार वर्षांचेच असते, म्हणजे पहिले मूल पूर्णपणे परावलंबी असतानाच दुसरे जन्माला येते. एकट्या आईच्या कष्टांतून हा हिशेब जुळत नाही.

तो कसा जुळत असेल, याचा एक धागा टांझानियातील एयासी सरोवराच्या परिसरात सापडला. तेथील शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांत मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोण किती अन्न आणते, याच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. खडकाळ जमिनीत खोलवर असलेले कंद खणून काढायला लहान मुलांची ताकद पुरत नाही. ते काम वयस्क स्त्रिया तासन्‌तास करीत. घरात नवे बाळ आले, की दूध सुटलेल्या मोठ्या मुलाचे वजन आईच्या कष्टांपेक्षा आजीच्या कष्टांच्या प्रमाणात वाढताना दिसले. या नोंदींमुळे एका जुन्या कोड्याला उत्तर मिळू लागले. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत पिल्ले देतात, पण स्त्रीची प्रजननक्षमता पन्नाशीच्या आसपास संपते आणि त्यानंतरही ती अनेक दशके जगू शकते. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार आप्तांना केलेली मदतही वंश पुढे नेते. नातवंडात आजीची सरासरी एकचतुर्थांश जनुके असतात, म्हणून नातवंडे जगवणे हाही वारसा टिकवण्याचाच एक मार्ग ठरतो. फिनलंड आणि कॅनडातील जुन्या नोंदींच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नाशीनंतर स्त्री जितकी दशके जगली, त्या प्रत्येक दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडे अधिक लाभल्याचे आढळले.

या विचारातला सर्वांत महत्त्वाचा दुवा आपल्या शेजारी, अबूच्या पहाडावर आहे. मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात तेथील हनुमान लंगुरांचा अभ्यास केला. आमच्या बडोदेकरांच्या सुटीच्या सहलीत नक्की तलावाजवळ दिसणाऱ्या लंगुरांच्या टोळीत नीट पाहिले, तर काळसर रंगाचे नवजात पिल्लू एका मादीकडून दुसरीकडे जाताना दिसते. मात्र त्या माद्या पिल्लू सांभाळतात, त्याला खाऊ घालत नाहीत. माणसांत सांभाळणे आणि भरवणे दोन्ही आले. हर्डी पुढे असे मांडतात, की ज्या बाळाला आईशिवाय इतरांचीही माया मिळवावी लागते, त्याला इतरांचे चेहरे वाचता येणे, नजर धरून ठेवता येणे, हसून समोरच्याला गुंतवता येणे लाभाचे ठरते. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे ओळखण्याची जी क्षमता पुढे मैत्रीला, सहकार्याला आणि भांडणालाही आधार देते, तिचे मूळ अशा रीतीने पाळण्यापाशी जाते. मला हे स्पष्टीकरण फार मोलाचे वाटते, कारण ते सहकार्याला युद्धाची किंवा शिकारीची उपज न मानता संगोपनाशी जोडते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत या अभ्यासांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. गाम्बियातील खेड्यांच्या १९५० ते १९७४ या काळातील नोंदींत, आईची आई हयात असेल तर रांगत्या-चालत्या वयातील मुलांचा मृत्यू कमी आढळला. थोरल्या बहिणीही उपकारक ठरल्या, पण वडिलांच्या आईचा तसा परिणाम दिसला नाही. लेकीचे मूल आपलेच, ही खात्री आईच्या आईला असते, हे त्याचे उत्क्रांतीच्या भाषेतील कारण सांगितले जाते. लेकीला आईपाशी हक्काने विसावता येते, हेही साधे कारण त्यात असू शकेल. सासू-सुनेचे चित्र वेगळे आहे. आपल्याकडच्या जुन्या एकत्र कुटुंबांत पुतण्याहून धाकटा काका आढळे, म्हणजे सासू आणि सून एकाच सुमारास बाळंत होत. फिनलंडच्या औद्योगिकीकरणापूर्वीच्या नोंदींत अशा घरांतील मुलांच्या जगण्याचे प्रमाण जास्तीत जास्त ६६ टक्क्यांनी घटलेले दिसले. आई व लेक एकाच वेळी बाळंत झाल्या, तर तशी घट दिसली नाही. सासू आणि सून यांच्यात रक्ताचे नाते नसल्याने घरातल्या मर्यादित अन्नावर दोघींच्या मुलांची स्पर्धा होते आणि म्हणून थोरलीचे प्रजनन थांबणे नैसर्गिक निवडीत टिकले असावे, असा तर्क त्यावरून केला जातो.

तर्क हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच बजावले होते, की प्रत्येक गुणामागे उपयोगाची गोष्ट रचणे सोपे असते आणि ती तपासणे अवघड. वागणुकीचे जीवाश्म मिळत नाहीत, आणि हाडझा लोक आपल्याइतकेच आजचे आहेत, ते कोणाचे पूर्वज नव्हेत. शिवाय २०२३ मध्ये युगांडातील न्गोगोच्या चिंपांझींतही रजोनिवृत्तीनंतर जगणाऱ्या माद्या आढळल्या. तेथे माद्या वयात आल्यावर सहसा जन्माची टोळी सोडून जातात, त्यामुळे म्हाताऱ्या मादीपाशी सांभाळायला लेकीची पिल्ले नसतात. म्हणजे निदान त्या टोळीत तरी प्रजनन थांबल्यानंतरच्या आयुष्याचे कारण नातवंडांखेरीज दुसरीकडे शोधावे लागणार आहे.